पेर कुणाच्या बोटाचं

महाडच्या शाळेत मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. उत्तर बरोबर आलं आणि पुढे एकक लिहायचं राहिलं, की मी अर्धा गुण कापायचे. पोरं रडायची, पालक भांडायला यायचे, मी ढिम्म. "नुसतं पाच म्हणजे काय? पाच मीटर, पाच लिटर की पाच म्हशी?" हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझीच शोभा व्हायची आहे आणि ती माझ्याच तोंडून ऐकलेली बरी.

नातू पाच महिन्यांचा होता. त्याच्या दोन्ही गालांवर लाल चट्टे उठले, मग हातापायांवर. कोरडे, खरखरीत, मधूनच चिघळायचे. हातांत मऊ मोजे घातले, तर पठ्ठ्या एका पायानं दुसरा पाय खाजवायला शिकला. उचलून घेतलं की माझ्या खांद्यावर गाल घासायचा. मी बापडी समजायचे, आजीवर केवढा जीव आहे याचा!

डॉक्टर म्हणाले, इसब आहे. शेजारच्या काकांनी ते ऐकलं आणि लगेच सल्ला दिला, "मग इसबगोल द्या की, पोट साफ होईल." विहीणबाई पोलादपूरच्या वर, उमरठच्या बाजूच्या वाडीत राहतात. त्यांनी लेकीला फोनवर सांगितलं, "सवच्या कुंडातल्या कढत पान्यात एकडाव बुचकळून काढ गो पोराला, समदं जाईल." इकडे डॉक्टरांनी कढत पाण्यावर फुलीच मारलेली. आंघोळ कोमट पाण्यानं, तीही दहा मिनिटांत उरकायची. डाळीचं पीठ लावायचं नाही. अंग चोळून पुसायचं नाही, टिपायचं, आणि ओलसर असतानाच क्रीम भरपूर थापायचं. लाल चट्ट्यांवर मात्र वेगळं मलम.

"बोटाच्या पहिल्या पेराएवढं घ्यायचं, दिवसातून दोनदा," डॉक्टर म्हणाले. "सौम्य स्टेरॉइड आहे, घाबरू नका."

स्टेरॉइड! ते खेळाडू चोरून घेतात आणि पकडले जातात, एवढंच मला ठाऊक.

घरी आल्या आल्या मी कारभार हातात घेतला. वेळापत्रक केलं, फ्रिजवर चिकटवलं. सुनेला सांगितलं, "मलमाचं माझ्याकडे. मापाचं काम आहे ते." सून तालुक्याच्या कचेरीत नोकरीला, तेव्हा रजेवर होती. हुशार पोरगी, पण पहिलटकरणीचा हात थरथरतो असं माझं मत. आणि माझी मतं मी कुणाला विचारून बनवत नाही.

आता, पेर म्हणजे कुणाच्या बोटाचं? दुखणं बाळाचं, औषध बाळाचं, मग बोटही बाळाचंच की! शंका म्हणून आली नाही हो मला. नातवाची इवलीशी तर्जनी धरायची, तिच्या पेराला ट्यूब भिडवायची आणि तांदळाच्या दाण्याएवढं मलम काढायचं. तेवढंच दोन्ही गाल, हात, पाय असं पुरवून पुरवून लावायचं. जिथे पोचलं नाही तिथे फुंकर. स्टेरॉइड जितकं कमी जाईल तितकं बरं, असंही मनात होतंच. सोयीचं होतं तेवढंच कानांनी ऐकलं होतं.

चट्टे हटेनात. उलट वाढले. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलं होतं, तर मीच म्हटलं, "थांबू या थोडं, औषधाला वेळ द्यायला नको?" आणि मग शोध सुरू झाला, चुकतंय कोण याचा. माझ्यावर संशय घ्यायचं मला काही कारण दिसलं नाही.

"अगं, तुझ्या दुधातून उष्णता जातेय त्याला," मी एका दुपारी सुनेला म्हणाले. "काय काय खातेस ते बघ जरा."

आधी मासे बंद केले. मग अंडी, शेंगदाणे, वांगं, तूरडाळ. उरलं मुगाचं वरण, भात आणि दुधी. दुधीची भाजी तीन तऱ्हांनी करता येते हे मला तेव्हा कळलं, आणि तिन्ही एकसारख्याच लागतात हे सुनेला. आम्ही मात्र, लाज सोडून सांगते, तिच्यासमोर बसून बांगड्याचं कालवण ओरपत होतो. लेक मान खाली घालून जेवायचा. मी तेवढंही करत नव्हते.

विहीणबाई नातवाला बघायला आल्या, तेव्हा त्यांनी लेकीचं ताट पाहिलं. मला म्हणाल्या, "बाई, माज्या लेकीच्या दुधात खोट नाय. मी आई हाय तिची, मला ठाव हाय."

"खोट आहे असं मी कुठं म्हटलं? परिणाम समोर दिसतोय, एवढंच म्हणते," मी अगदी फळ्यापुढे उभी असल्यासारखी बोलले. त्या चहा अर्धाच पिऊन परतीच्या एसटीला गेल्या.

चार दिवसांनी सून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "आई, मी उद्यापासून त्याला पाजणं बंद करते. दुधाचा डबा आणायला सांगितलाय." आत बाळ रडत होतं आणि तिचा गाऊन पुढून ओला झाला होता. "माझ्यामुळेच होतंय ना त्याला? मग कशाला पाजू?"

"नको गं दूध तोडूस" असं काही माझ्या तोंडून निघेना. "आधी डॉक्टरांना विचारू," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. डॉक्टरांनी बाळाला तपासलं आणि विचारलं, "ट्यूब आणलीय?" मी मोठ्या ऐटीत पिशवीतून काढून दिली. त्यांनी ती दाबून पाहिली. "ही तर भरलेलीच आहे! एव्हाना संपून दुसरी लागायला हवी होती." आणि ते सुनेकडे वळले. "तुम्ही आई ना त्याची? पोर खाजवून रक्त काढतंय आणि तुम्ही मलम राखून ठेवता?"

सून बाळाच्या टोपीची नाडी सारखी करत बसली.

खोटं कशाला सांगू, मीही गप्प होते. एक क्षण नाही, चांगले दोन-तीन. मग मात्र मला माझीच चीड आली. "अहो डॉक्टर, तिला ओरडू नका. मलम मी लावते," म्हटलं, आणि नातवाचं बोट धरून कसं मोजते तेही करून दाखवलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाच्या बोटाकडे पाहिलं. हसू त्यांच्या मिशीत मावेना. "आजी, पेर मोठ्या माणसाचं हो!" त्यांनी माझीच तर्जनी धरली आणि टोकापासून पहिल्या रेषेपर्यंत मलमाची लांबलचक रेघ ओढली. मी बघतच राहिले. एवढं? जन्मभर लोकांच्या पोरांचं एकक तपासलं आणि घरच्या पोराच्या वेळेला विचारायचं राहिलं.

"आणि अंगावरचं दूध चालू राहू दे," ते सुनेला म्हणाले. "दुधाचा इथे काही दोष दिसत नाही. सगळं जेवत जा."

बाहेर येऊन बाकावर बसलो. समोर पाचसात माणसं नंबर लावून बसलेली. मी सुनेला म्हटलं, "चुकलं माझं. फार चुकलं." नवऱ्यालासुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तीन आठवडे मला त्याला जवळ घ्यायची भीती वाटायची. वाटायचं, आपल्याच पोराला विष पाजतोय."

एवढ्यात बाळ कुरकुरलं आणि तोंडानं तिचा कुर्ता चाचपायला लागलं. तिनं समोरच्या माणसांकडे पाहिलं. मी उठले, तिच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि दोन्ही हातांनी पदर पसरून धरला. पदराआड बाळ घटाघटा पिऊ लागलं.

"आजी, बसा की, किती वेळ उभ्या राहणार?" कंपाउंडर म्हणाला. माझे गुडघे बोंबलत होते. नातवाचं पोट भरेपर्यंत मी तशीच उभी राहिले.