डबी काढली तरी डोंगर जागेवर हवा

बाबांच्या शर्टाची एक बाही कडक झाली होती, दुसरी चुरगळलेली लोंबत होती, आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या प्लगने एक ठिणगी टाकून राम म्हटला. आई शर्ट खांद्यावर आणि इस्त्री हातात घेऊन तरातरा बाहेरच्या खोलीत आली. तिथल्या प्लगला नेटची डबी हिरवे डोळे मिचकावत लटकली होती. आईने तिची वायर उपटली आणि इस्त्री लावली.

"आई! अगं, नेट होतं ते!"

ओरडला तो तिचा धाकटा. घरात त्याला 'उपग्रह' म्हणत. नाव त्याच्या वहिनीने ठेवलेलं. लग्नाचं वय उलटत चाललं तरी हा प्राणी घराभोवतीच घिरट्या घालतो आणि जेवणाच्या वेळी बरोबर स्वयंपाकघरावर येतो, असं तिचं म्हणणं. आता धंदाही तसलाच निघाला. डोंगरात वाट चुकलेल्यांना शोधणाऱ्या पथकासाठी त्याने लॅपटॉपवर नकाशा दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला होता. पथकाच्या प्रमुख बाईंनी तो पाहिला आणि नाक मुरडलं. "ही रेघ म्हणजे ओढा, की पडद्यावर केस पडलाय? वरून काढलेले फोटो टाका. आणि डोंगरात नेट नसतं, तेव्हा घरूनच उतरवून नेता आले पाहिजेत."

त्याच बाई आज संध्याकाळी पुन्हा बघायला येणार होत्या. गिऱ्हाईक म्हणावं असं ते एकच. त्यांनी नाही म्हटलं, तर सोमवारपासून बाबांच्या लाद्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बाबांनी ठरवलं होतं. गल्ल्यासाठी नवी उशीसुद्धा आणून ठेवली होती.

आकाशातल्या खऱ्या उपग्रहाने काढलेला फोटो काही अखंड चादरीसारखा येत नाही. चौकोनी तुकड्यांनी येतो, आणि प्रोग्रॅम ते कडेला कड लावून मांडतो. या तुकड्यांना त्या धंद्यात टाइल म्हणतात हे कळलं, तेव्हा हसून हसून बाबांना ठसका लागला होता.

"म्हणजे लाद्या नकोत म्हणून चार बुकं शिकला, आणि करतो काय? लाद्याच बसवतो!" मग चष्मा चढवून पडद्याला नाक लावलं. "हा तुकडा हिरवागार, शेजारचा करपलेला. वेगळ्या पेटीतला माल आहे. गिऱ्हाईक बोंबलेल."

"बाबा, फोटो वेगवेगळ्या महिन्यांतले आहेत."

"गिऱ्हाईक कॅलेंडर बघत नाही रे."

तर असा हा उपग्रह आईवर ओरडला खरा, पण उघडलेलं तोंड तसंच राहिलं. पडद्यावरचा डोंगर गेला होता. ओढा गेला, कडा गेला, झाडी गेली. उरले नुसते राखाडी चौकोन.

आईने इस्त्रीसकट डोकावून पाहिलं. "अगोबाई! पृथ्वी गेली कुठे?"

"तू उपटलीस."

"मी डबीची वायर उपटली. पृथ्वी देवाने केलीय, ती डबीतून येत नाही."

"तेच तर! सगळे तुकडे मी लॅपटॉपमध्ये उतरवून ठेवलेत. डबी असो नसो, दिसायलाच हवे होते."

आठवडाभर तो रोज तपासत होता आणि डोंगर रोज झक्क दिसत होता. पण तपासत होता नेट चालू ठेवून! काठावर कोरडं उभं राहून आपल्याला उत्तम पोहता येतं अशी खात्री करून घ्यावी, तशातली गत. त्याने कपाळ धरलं. बाईंना फोन करून येऊ नका म्हणावं, इथवर मजल गेली.

"देवाचं नाव घे," आई म्हणाली.

"देवाला काय होतंय? त्याला वरून सगळं नेटशिवाय दिसतं."

"म्हणून त्याचं बरं चाललंय. तू तुझं बघ."

बघितलं, तर चूक आपल्याच अकलेची निघाली. तुकडा लागला की प्रोग्रॅम आधी नेटकडे धावायचा. नेट भेटलं नाही की राखाडी चौकोन ठेवून मोकळा. उतरवलेल्या तुकड्यांकडे ढुंकून बघत नव्हता. फडताळात डबे शिगोशीग भरलेले, आणि वाण्याचं दुकान बंद म्हणून घर उपाशी! त्याने क्रम उलटा केला: आधी घरात बघ, नसेल तरच बाहेर जा.

इस्त्री काढून, डबी परत लावून आई प्लगपाशी पहारेकऱ्यासारखी उभी राहिली.

"काढू?"

"काढ."

डोंगर गेला. आईने डबी परत लावली, त्याने पुन्हा काहीतरी टकटक केलं.

"काढू?"

"काढ."

डोंगर हलला नाही. आईने हात जोडले.

"मला कसला नमस्कार करतेस?"

"तुला कोण करतंय!"

संध्याकाळी बाई आल्या. खुर्चीत टेकायच्या आत म्हणाल्या, "नेट बंद करा." त्याने हात हलवायच्या आधी आईने वायर उपटून दाखवली. डोंगर जागच्या जागी. बाई पडद्यावर वाकल्या. "हा कडा बरोबर आहे. इथेच माझा पाय मुरगळला होता. पण वाट कुठे आहे?"

"झाडांखाली."

"आणि हरवलेला माणूसही झाडांखालीच असतो."

"म्हणजे घेणार नाही म्हणताय?" कोपऱ्यातून बाबांनी विचारलं. चेहरा काळजीचा होता, आवाज बारशाचा.

उपग्रहाने घाईघाईने जुन्या नकाशाच्या रेघा फोटोवर आणल्या. वाट उमटली, पण ती ओढ्याच्या मधोमध पोहत निघाली होती.

"चुकलंय काय? रेघ की फोटो?"

"माहीत नाही," तो खरं बोलला.

"तुम्ही या डोंगरावर कधी गेलाय?"

"वरून."

बाई पहिल्यांदाच हसल्या. "घेते मी. पण एक अट. शनिवारी आमच्याबरोबर खालून यायचं, लॅपटॉप स्वतः उचलायचा, आणि वाट चालून बघून ही रेघ जागेवर बसवायची."

"अहो, त्याला जिना चढला तरी धाप लागते," आई म्हणाली.

"असू दे. आमच्याकडे स्ट्रेचर असतं."

बाबा उठून आत गेले. उपग्रहाने टेबलाखाली आपल्या पायांकडे पाहिलं. घरात, रस्त्यावर, जगाच्या पाठीवर सगळीकडे चालणारी त्याची एकच रबरी चप्पल होती, आणि तिचाही अंगठा तुटायला आलेला. सकाळी दुकानं उघडली की त्याला बूट आणायला जायचं होतं.