कठड्याबाहेरची उत्तरं

आमच्या गोझो बेटावरच्या त्या गावात पाद्री उदंड होते आणि वेद्याही उदंड होत्या. टंचाई होती ती पाद्र्याच्या प्रार्थनेला उत्तरं देणाऱ्यांची. पहाटे पाचला चर्च उघडलं, की बाजूच्या सात वेद्यांपैकी पाचांवर एकाच वेळी मिस्सा, म्हणजे भाकरी आणि द्राक्षरसाची उपासना, सुरू व्हायची. पाच पाद्री पाच भिंतींकडे तोंड करून आपापल्या दोन मेणबत्त्यांच्या उजेडात लॅटिन पुटपुटायचे. म्हाताऱ्या बाया एका घंटेला मान लववून वर करतात तोच दुसरीकडची घंटा वाजायची.

डावीकडची तिसरी वेदी शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गाआधी पापं फेडत थांबलेल्या, आत्म्यांची. तिथे नार्दू मिस्सा म्हणायचा. गाव त्याला दुन नार्दू म्हणे. दुन हा पाद्र्याच्या नावाआधी लावायचा मान. तो मान त्याला जन्मभर पुष्कळ मिळाला, इथे थोडा कमी मिळाला तर काही बिघडत नाही. आणि त्या वेदीच्या कठड्याबाहेर, उघड्या फरशीवर, त्याची थोरली बहीण जिरोलमा गुडघे टेकून त्याला उत्तरं द्यायची. एकही दिवस न चुकता, पंचवीस वर्षं.

खरं तर हे काम मुलांचं. पण एका पोराने एकदा घंटा उशिरा वाजवली म्हणून नार्दूने भर मिस्सेत त्याच्या कानशिलात वाजवली, आणि त्यानंतर गावातलं एकही पोर त्याच्या वेदीकडे फिरकलं नाही. पुरुष मिळेना, तेव्हा नियमाने बाई चालते. पण लांबून. उत्तरं द्यावीत, घंटा वाजवावी, कठड्याच्या आत पाऊल टाकू नये. त्यामुळे नार्दू सगळं स्वतःच करायचा. पुस्तक या बाजूचं त्या बाजूला न्यायचा, पेल्यात पाणी ओतायचा, आपल्याच हाताने आपली बोटं धुवायचा. जिरोलमा चार पावलांवरून बघत राहायची. वेदीवरची चादर तिने विणलेली, चादरीची लेस तिची, नार्दूच्या झग्याची वीतभर लेसही तिचीच. पेल्याखालचं कापड धुवायचं झालं तरी पहिलं पाणी नार्दूने काढायचं, पाद्र्याचं ते काम. मग साबण आणि कंबर जिरोलमाची.

कात्रीवाल्यांची जिरोलमा म्हणून गाव तिला ओळखायचं, कारण बाप मेंढ्या भादरायचा. नार्दू तिच्यापेक्षा चार वर्षांनी लहान. सेमिनरीतून सुट्टीला आला, की स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफीचा पेला ठेवून मिस्सेचा सराव करायचा, आणि जिरोलमा समोर पुस्तक धरून उभी राहायची. पाठ त्याला करायचं होतं, झालं तिला. मोठ्याने म्हणायचं, हळू म्हणायचं, ओठांत म्हणायचं, सगळं. अर्थ नार्दूने कधी सांगितला नाही, तिने पाद्र्यांच्या प्रवचनांतून हळूहळू गोळा केला.

ग्रेझ्यू नावाचा एक दगडफोड्या तिच्यासाठी झुरत होता. ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा म्हणाला, "चल. तिथे एवढी जमीन आहे की कुंपण घालायलाच वर्ष जाईल." ती म्हणाली, "पुढच्या वर्षी नार्दू पाद्री होतोय. त्याचं घर कोण बघणार?" ग्रेझ्यू म्हणाला, "देव बघेल की, त्याचाच माणूस आहे ना?" या बोलण्याचा तिला राग आला आणि तिने त्याला परत पाठवलं. मला विचाराल तर ग्रेझ्यू त्या दिवशी गावातल्या सगळ्या पाद्र्यांपेक्षा शहाणं बोलला होता.

नार्दू वाईट नव्हता. नाकावर माशी बसू द्यायचा नाही एवढंच. त्याला ना स्वतःचं चर्च मिळालं, ना गोड गळा, ना प्रवचनाची हातोटी. त्याच्याकडे एक मिस्सा होती. ती तो नेटकी म्हणायचा, आणि त्या अर्ध्या तासात तो खरोखर कुणीतरी असायचा.

त्याच्या सत्तरीत, एका पहाटे, तो अडला. वरच्या आवाजातली साधी प्रार्थना, हजारो वेळा म्हटलेली. तीन शब्द म्हणाला आणि थांबला. पुस्तक समोर होतं, पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, आणि बोट भलत्याच ओळीवर. जिरोलमाने श्वासावर पुढचा शब्द सोडला. त्याने तो उचलला आणि गाडी पुढे गेली.

मग हे आठवड्यातून एकदा व्हायला लागलं, मग रोज. जिरोलमा आता त्याचे खांदे वाचायला शिकली. उजवा खांदा किंचित वर गेला, की शब्द हरवला. काही दिवसांनी तो ओठांतल्या भागातही अडू लागला, जो भाग दुसऱ्या कुणी ऐकायचाही नसतो. तिथे बाईने तोंड घालणं म्हणजे काय, हे तिला ठाऊक होतं. घाबरत, छातीवर क्रूस काढत, तिने तेही शब्द पुरवले. पुरवले नसते तर चार दिवसांत बिशपच्या कानावर गेलं असतं आणि नार्दूची मिस्सा बंद झाली असती. मिस्सा बंद म्हणजे नार्दू संपला. तो घरात सदरा घातलेला एक म्हातारा उरला असता, आणि ते तिला बघवलं नसतं.

गावाला कान असतात. जिरोलमा भट्टीवर पाव आणायला गेली असता शेजारीण जुझेप्पाने सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं जिरोलमा, आज कुणासाठी म्हटलीस मिस्सा?"

"मी कशाला म्हणू? दुन नार्दूने म्हटली."

"असं होय! मला वाटलं तू म्हणतेस आणि तो बिचारा हात वर करून उभा असतो."

बाया पोट धरून हसल्या. आठ दिवसांत 'कात्रीवालीची मिस्सा' हा शब्द गावभर झाला. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी तो उच्चारला, तेव्हा खुर्चीवर साबण लावून नार्दूच बसला होता.

दुसऱ्या दिवशी मुख्य पाद्री दुन व्हित्तोर यांनी जिरोलमाला बोलावलं. नवा माणूस, बिशपच्या कचेरीत कागद हाताळून आलेला, पण बोलायला मऊ.

"बसा, जिरोलमा. तुमच्या भावाने एक तक्रार केली आहे."

"कुणाची?"

"तुमची. मिस्सा चालू असताना तुम्ही कुजबुजता, म्हणे. शब्दाच्या पुढे शब्द टाकता. त्यांचं चित्त उडतं आणि ते अडखळतात. खरं आहे का?"

जिरोलमाला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. मग तिच्या लक्षात आलं, की खरं सांगायला एकच वाक्य लागेल: तो अडखळतो म्हणून मी बोलते. ते वाक्य उच्चारलं, की उद्याची मिस्सा नाही. म्हणजे भावाने तिला बरोबर अशा जागी उभं केलं होतं, जिथून तिला हलता येणार नव्हतं.

"खरं आहे," ती म्हणाली. "म्हातारपणी जीभ वळवळते, दुन व्हित्तोर."

"मग आता तिला आवर घाला. उद्यापासून कल्चिदोन उत्तरं देईल. तुम्ही बाकांवर बसा. आणि एक शब्दही नाही. ही माझी आज्ञा समजा."

घरी नार्दू सूप पीत होता. तिने शाल खुंटीला लावली.

"माझ्यामुळे अडखळतोस तू?"

"तुझ्या कुजबुजीने माझं लक्ष जातं," तो वाडग्यात बघत म्हणाला. "किती दिवस सहन केलं मी."

"सहन केलंस."

"लोक हसतात, जिरोलमा. पाद्र्याला हसतात. तुझं काय जातंय?"

"बरं," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे पाव सरकवला.

कल्चिदोन म्हणजे चर्च झाडणारा, घंटा ओढणारा, मेणबत्त्या विझवणारा. लॅटिन त्याला एवढंच यायचं, की कुठे पुटपुटायचं आणि कुठे थांबायचं. नार्दूने काही दिवस कसंबसं निभावलं. रात्री उजळणी करायचा, आणि वेदीवरच्या, प्रार्थना लिहिलेल्या पाट्यांवर नाक टेकेपर्यंत वाकायचा. खांबाजवळच्या तिसऱ्या बाकावरून जिरोलमा त्याचा उजवा खांदा वर जाताना बघायची आणि ओठ आवळून घ्यायची. खांदा खाली आला की तिला हायसं वाटायचं. हे हायसं वाटणंही दिवसेंदिवस कमी होत गेलं, हे तिचं तिला कळत होतं.

मग सर्व मृतांचा दिवस आला. त्या दिवशी प्रत्येक पाद्री तीन मिस्सा म्हणतो, आणि आत्म्यांच्या वेदीसमोर मुंगीला शिरायला जागा नसते. ज्याचं त्याचं कुणी ना कुणी गेलेलं. जुझेप्पाही नवऱ्यासाठी मेणबत्ती घेऊन आली होती. पहिली मिस्सा पार पडली. दुसऱ्या मिस्सेत नार्दूने भाकरीवरचे शब्द म्हटले, भाकरी वर धरली, घंटा वाजली, माना लवल्या. पेल्यावरचं झाकण त्याने काढलं. पेला दोन्ही हातांत घेतला. आणि थांबला.

ही थांबण्याची जागा नव्हती. भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर झालं होतं, द्राक्षरसाचं रक्त व्हायचं होतं; इथे थांबणं म्हणजे अर्ध्यात सोडलेलं बलिदान. पाद्री इथे मेला तरी दुसऱ्या पाद्र्याने येऊन पुढचं पुरं करायचं असतं, इतकी ती जागा कडक. लोक डोकी खाली घालून वाट बघत होते. कुणी खोकलं. मेणबत्ती तडतडली. नार्दूचा खांदा वर गेला तो खाली येईना. मग एकेक डोकं उचललं जाऊ लागलं.

कल्चिदोनने गुडघ्यांवरूनच मागे वळून जिरोलमाला शोधलं. "बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "सांगा ना! येतंय ना तुम्हाला?"

येत होतं. पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता, पंचेचाळीस वर्षं होता. उठून चार पावलं गेली असती, कठड्याशी वाकली असती, तर दोन श्वासांचं काम होतं. तिने आज्ञा आठवली. आज्ञा आठवली म्हणून ती गप्प राहिली, असं गाव आजही सांगतं.

तेवढ्यात नार्दूने मान वळवली. पेला हातात तसाच. जन्मात कधी त्याने वेदीवरून मागे असं बघितलं नव्हतं. कल्चिदोनवरून, लोकांवरून त्याची अधू नजर फिरली आणि कठड्याबाहेरच्या त्या रिकाम्या फरशीवर थांबली. मग ती खांबाकडे आली. त्याला दिसलं असेल-नसेल, पण तो कुणाला शोधत होता हे सगळ्यांना कळलं. जिरोलमाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

दुन व्हित्तोर मोठ्या वेदीकडून आले तोवर नार्दूने पेला एवढा घट्ट आवळला होता, की तो आधी त्याच्या बोटांतून सोडवून घ्यावा लागला. पुढचं सगळं त्यांनी पुरं केलं. कल्चिदोनने नार्दूच्या दंडाला धरून त्याला पायरीवरून उतरवलं आणि कठड्याबाहेर आणून उभं केलं. अंगावर काळा अंगरखा, त्याखाली झग्याची वीतभर लेस. तो तिथे उभ्याउभ्या रडायला लागला. त्याच्याकडे पाहायचं टाळायला लोकांनी कितीतरी धडपड केली. जुझेप्पाने तर तोंडाला शाल लावली होती, आणि या वेळी ती हसत नव्हती.

तिसरी मिस्सा झाली नाही. त्याची मिस्साच त्यानंतर कधी झाली नाही. आठ दिवसांत बिशपचं पत्र आलं.

त्या दिवशी चर्चबाहेर दुन व्हित्तोर यांनी जिरोलमाला गाठलं. "मला सगळं कळलं," ते म्हणाले. "कल्चिदोनने सांगितलं. तुम्हाला शब्द येत होते आणि तरी तुम्ही आज्ञा मोडली नाहीत. असं आज्ञापालन मी पाद्र्यांतही बघितलं नाही."

जिरोलमाने त्यांचा हात चुंबला आणि घरी आली.

नार्दू काळ्या सदऱ्यात खिडकीपाशी बसला होता. तिने चूल पेटवली आणि सूप चढवलं.

"तू होतीस तिथे," तो म्हणाला.

"होते."

"तुला येत होतं."

"येत होतं."

"एक शब्द, जिरोलमा. एक शब्द हवा होता मला."

"मी बोलले की तू अडखळतोस," ती म्हणाली. "तूच सांगितलंस ना?"

तिने सूप ढवळलं. इतकी वर्षं पोटात साठलेलं काहीतरी सैल झालं आणि तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. चर्चमध्ये, तो पेला हातात धरून वळला होता तेव्हाही असंच बरं वाटलं होतं, हे तिला तिथेच, चुलीपुढे, लख्ख कळलं.

नार्दू पुढे तीन वर्षं जगला. तिने त्याचं सगळं केलं, अंघोळीपासून शेवटच्या पाण्यापर्यंत, आणि कुणी तिला नाव ठेवू शकलं नाही. त्यानंतर चर्चमध्ये सगळं बदललं. बाजूच्या वेद्यांवर फुलदाण्या आल्या, मिस्सा आपल्या भाषेत झाली, आणि उत्तरं सगळं गाव मोठमोठ्याने द्यायला लागलं. जिरोलमा रोज यायची, तिसऱ्या बाकावर बसायची आणि उत्तर द्यायची नाही. ख्रिस्तप्रसादाची रांग लागली की बाया तिला कोपराने ढोसायच्या, "ऊठ की गं, पाय दुखतात का?" ती मान हलवायची. प्रसाद घ्यायचा तर आधी पाद्र्यापुढे पापाची कबुली द्यावी लागते, आणि कबुलीत पश्चात्ताप झाला असं म्हणावं लागतं. ते खोटं तिला देवापुढे म्हणायचं नव्हतं.