वीस टन नीरम

"यातलं काय खोडता येईल?" रावबहादूरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

कागदावर आमच्या लोखंडाच्या खाणीचा हिशेब होता. एक टन दगड खणायला एक रुपया, बैलगाडीने रत्नागिरी बंदरावर आणायला दोन, गलबताने मुंबईला पोचवायला तीन. गिऱ्हाईक देणार साडेपाच. खाण म्हणजे जमिनीत सापडलेली संपत्ती, अशी चेअरमन रावबहादूरांची समजूत. मी असिस्टंट इंजिनियर. माझ्या मते तो वाहतुकीचा धंदा होता. अधूनमधून खणावं लागे इतकंच.

मुंबईच्या कारखान्याला नमुन्याचे वीस टन महिनाअखेर हवे होते. पोचले तर करार. नाहीतर खाणीला कुलूप, आणि माझ्यासकट साठ माणसं घरी.

खोडायला शेवटचे तीन रुपये सापडले. माल उतरवून रिकामं परतणारं गलबत फार डोलू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरतात. त्याला नीरम म्हणतात. आपलेच दगड नीरम म्हणून भरा, भाडं कशाला, असं रावबहादूर म्हणाले. गलबताचा तांडेल धाकू लगेच कबूल झाला. एरवी त्याला दगड वेचून आणावे लागत. रावबहादूरांनी बोर्डाला पत्र धाडलं. त्यात 'इकॉनॉमी' हा शब्द चार वेळा होता. टाईप मीच केलं, म्हणून माहीत.

माल मोजून द्यायला मी आगबोटीने पुढे गेलो. मुंबईच्या धक्क्यावर कारखान्याचा माणूस काटा लावून बसला होता. पाचव्या दिवशी धाकूचं गलबत आलं. पाण्यात चांगलं खोल बसलेलं. मला हायसं वाटलं. आत पाहिलं तर जांभ्याचे चिरे. घरबांधणीचे, नीट तासलेले.

"धाकू, आमचे दगड कुठे?"

"ते वाटेत दाभोळला टाकले. तिथे या चिऱ्यांचं भाडं मिळालं ना."

"टाकले म्हणजे?"

"पाण्यात. माल आला की नीरम काढून टाकायचं, सायब. दोन्ही ठेवलं तर गलबत बुडंल. तुम्ही भाडं दिलं असतंत, तर जावयासारखे आणले असते."

कारखान्याच्या माणसाने एक चिरा निरखून पाहिला, यात लोखंड किती म्हणून मला विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता काटा गुंडाळला.

पावसाळ्याआधी खाण बंद झाली. रिपोर्टात समुद्र खवळल्याचं कारण छापलं. समुद्र त्या आठवड्यात तळ्यासारखा होता. जिल्ह्यातला दगड मुंबईला नेऊन त्या हंगामात कमावलं ते एकट्या धाकूने.

मी पुढे सरकारी रस्त्यांवर नोकरी धरली. खर्चाचा आकडा खोडण्याआधी तो कशासाठी आहे, हे तेव्हापासून विचारतो. ते तीन रुपये वाहतुकीचे नव्हतेच. दगडाला माल म्हणवून घ्यायचे होते.