काकांची सोनेरी बाई

घड्याळावर जीव ओवाळून टाकणारा आणि आयुष्यात एकदाही वेळेवर न पोहोचलेला माणूस अख्ख्या बहारीनमध्ये एकच होता, आणि तो नेमका आमच्या रिफाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचा. आम्ही त्यांना काका म्हणायचो. आठच्या जेवणाला साडेनऊला यायचे आणि वर सांगायचे, "निघता निघता बाई बंद पडली. तिला तशी टाकून कसा येऊ?"

बाई म्हणजे एका जुन्या फ्रेंच घड्याळावर रेलून बसलेली, सोन्याचा मुलामा दिलेली पितळेची बाई. सलमाबादच्या एका गोदामात, मोडीत सापडलेली. काकू पुण्यात नोकरीला, त्यामुळे घरात राज्य हिचंच. घड्याळ जरा कललं की बंद पडायचं, म्हणून काकांच्या घरात दार आपटायला, जोरात शिंकायला बंदी. आमच्याकडे आले तरी आधी टीपॉयवर पाणसळ ठेवायचे आणि जाहीर करायचे, "तुमचा संसार डावीकडे कललाय."

पॅरिसच्या कारागिरांबद्दल ते सख्ख्या चुलतभावांबद्दल बोलावं तसं बोलायचे. सोनं पाऱ्यात कालवून पितळेला लावायचं, मग विस्तवावर पारा उडवायचा. तो धूर छातीत जाऊन ती माणसं तरुणपणीच जायची. हे सांगताना काकांचा घास हातात राहायचा आणि आमची आमटी गार व्हायची. तिसऱ्या खेपेपासून मी ऐकणंच सोडून दिलं.

एकदा दिवाळीआधी काका महिनाभर रजेवर गेले आणि बाईला माझ्या स्वाधीन करून गेले. सोबत सूचनांची तीन पानं. हलवायचं नाही, झटकायचं नाही. घासायचं नाही, असं मात्र कुठेच नव्हतं. अशी शंका त्या भल्या माणसाला आलीच नसणार. मी समया घासायला काढल्या, तर बाई काळवंडलेली दिसली. चिंच, मीठ आणि माझा सासरी नावाजलेला हात! काका खूश होतील म्हणून मी मन लावून घासलं. बाईच्या गालावरचं, खांद्यावरचं सोनं चिंचेच्या कोळाबरोबर फडक्यात उतरलं आणि सिंकमध्ये वाहून गेलं. खालचं पितळ दिसायला लागलं तेव्हा कुठे मला पाऱ्याची गोष्ट आठवली.

काका आले, त्यांनी पाहिलं. "खलास," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

"काका, मी भरून देते."

"कुणाला भरून देणार? ज्याने हा मुलामा दिला, जीव त्याचा गेला होता गं यात."

मी रडायलाच लागले. काकांनी घड्याळाचं मागचं झाकण उघडलं. आतल्या पत्र्यावर बारीक अक्षरांत कितीतरी नावं ओरखडलेली होती. "ज्याने ज्याने हिच्यावर काम केलं, त्याने नाव लिहून ठेवलंय," असं म्हणत त्यांनी सुईने सगळ्यांत खाली माझं नाव कोरलं आणि पुढे लिहिलं, 'चिंच'.

"आणि तुमचं नाव?"

"मी काय केलं? मी नुसती चावी दिली."

वर्षभरात नोकरी संपली, व्हिसा संपला, काका कायमचे पुण्याला निघाले. त्या दिवशी मीच सुई मागून घेतली आणि माझ्या नावाखाली, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्यांचं नाव कोरलं. काका ते वाचत कितीतरी वेळ उभे राहिले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. मी त्यांना घाई केली नाही.