मोठीबाईचा शेक

माझ्या बापाने मशीन जाळली नाही. हे मी आधी सांगून टाकते, कारण तलासरीच्या बाजारात कित्येक महिने लोक उलटंच बोलत होते आणि त्यातले बरेच जण अजून जिवंत आहेत.

आमच्या पाड्यातली पहिली पदवीधर मी. बी.एस्सी. झाले, आज शाळेत विज्ञान शिकवते. आणि मी शिकले ती बापाने ज्या मशीनवर काम केलं, तिच्या जोरावर. वेवजीच्या बाजूला डोंगरात एक दगडाची खाण होती, तिथली ही मशीन. बकेटने सुरुंगाचा दगड उचलून डंपरमध्ये टाकायची. अशा दोन होत्या. शेठने कुठल्याशा बंद पडलेल्या कोळसाखाणीतून दोन्ही जुन्या विकत आणलेल्या. बाबांच्या जन्माच्या आधी परदेशात बनलेल्या, पत्र्यावरची अक्षरं उडून गेलेली. एक चालायची, दुसरी खाणीच्या मागे चाकं काढून ठेवलेली होती. चालणारीचं काही बिघडलं की दुसरीच्या अंगावरून काढून लावायचं. बायका चालणारीला मोठीबाई म्हणत आणि दुसरीला धाकटी.

मोठीबाईचं एकेक चाक बाबांच्या डोक्याच्या वर. तिला गिअर नव्हते. डिझेलचं इंजिन नुसतं जनरेटर फिरवायचं, त्याची वीज चारही चाकांत बसवलेल्या मोटरींना जायची आणि चाकं फिरायची. म्हणजे आवाज इंजिनचा एका सुरात घुमत राहायचा आणि चाकांचा वेगळा, बारीक, किंचाळल्यासारखा. उतारावर बाबा वेग कमी करायला लागले की त्याच मोटरी उलटी वीज काढायच्या, ती वीज तारांच्या जाळीत गरम होऊन जायची आणि मागच्या बाजूने गरम वाऱ्याचा झोत बाहेर यायचा. थंडीच्या दिवसांत खडी फोडणाऱ्या बायका मुद्दाम त्या झोतात पाठ करून उभ्या राहायच्या. पुढे कॉलेजात जनरेटर शिकवायला घेतला तेव्हा वर्गात सगळ्यांत आधी मला कळला. त्यात माझी हुशारी काही नव्हती. मी तो वारा अंगावर घेतलेला होता.

अशा मशीनचा शत्रू म्हणजे ओल. पावसाळ्यात खाण बंद असायची. चार महिने मोठीबाई भिजायची आणि मोटरींच्या आत दमटपणा जाऊन बसायचा. ओल्या मोटरीला एकदम वीज दिली तर आतल्या गुंडाळीचं कवच फुटतं आणि मोटर जळते. मशीनबरोबर आलेल्या म्हाताऱ्या ऑपरेटरने बाबांना शिकवलं होतं की चालू करण्याआधी प्रत्येक चाकाजवळ मोठे बल्ब लटकवायचे, ताडपत्री गुंडाळायची आणि आतून सुकू द्यायचं. पण पावसाळ्यानंतर खाणीवर लाईट कुठली असायला. मग बाबांनी घमेल्यात विस्तव ठेवायला सुरुवात केली. आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली ठेवतात तसाच. राख वर, निखारा खाली, ज्वाळ अजिबात नाही, आणि डिझेलच्या टाकीपासून लांब. रात्रंदिवस कुणीतरी घमेल्यापाशी बसलेलं.

बायकांना तेवढंच पुरायचं.

"काय भावजी, बाळंतीण बरी हाय ना?"

"बारसं कवा? आम्हाला सांगाल का परस्पर उरकाल?"

"पोर कुनावर गेलंय, तुमच्यावर का शेठवर?"

बाबा हसायचे आणि घमेलं सरकवायचे. वापीहून वायरमन यायचा, तो मीटर लावून बघायचा आणि मान हलवायचा. मग मोठीबाई चालू. दरवर्षी असंच.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा नवीन साहेब आला. पांढरं हेल्मेट घालायचा. खाणीत सगळे पिवळं घालायचे, पांढरं त्याचं एकट्याचं. पाऊस उघडला होता, रस्त्याच्या कामाला दगड हवा होता, वरून फोन येत होते. तो सकाळी आला तेव्हा मागच्या चाकांपाशी ताडपत्री आणि घमेली. पुढची दोन चाकं सुकली होती, मागची राहिली होती. तिथे काम करणारे माझे काका समोरच उभे होते, त्यांनी घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं.

साहेब म्हणाला, "हे काय बाळंतपण लावलंय?"

बाबा म्हणाले, "मागच्या मोटरी ओल्या हायेत साहेब. वायरमन येऊन बघंल, मग चालू करू."

साहेबाने बुटाने घमेलं उडवलं. निखारे चिखलात पडले. उरलेल्या घमेल्यांवर त्याने बादलीने पाणी ओतायला लावलं आणि बाबांना म्हणाला, चढ वर. बाबा चढले नाहीत. म्हणाले, "मी नाय करणार. तिचा नाश व्हईल." साहेबाने वलसाडकडचा एक ऑपरेटर आणून ठेवला होता, त्याला बसवलं. मोठीबाई खाणीच्या तोंडापर्यंतसुद्धा पोचली नाही. मागच्या डाव्या चाकातून धूर निघाला आणि जळक्या वार्निशचा वास सगळ्या डोंगरावर पसरला.

संध्याकाळपर्यंत गोष्ट फिरली होती. शेठला फोनवर कळवलं गेलं की जुन्या ड्रायव्हरने अडाणीपणाने चाकाखाली आग लावली, त्यात मोटर जळली. विस्तव होताच, राख पडलेलीच होती, सगळ्यांनी दरवर्षी बघितलेली. खोट्याला असा खरा पुरावा मिळाला. वलसाडवाला काही बोलला नाही. काका काही बोलले नाहीत, त्यांना चार तोंडं होती घरात. बाबांना काढून टाकलं.

मला नोकरी गेल्याचं वाईट वाटलं, पण राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. बाबा बाजारात भाजी घ्यायला गेले की मागून आवाज यायचा, "तो बघ, मशीन जाळणारा." दुसऱ्या खाणीने बाबांना गेटवरूनच परत पाठवलं. ज्या माणसाने ती मशीन दरवर्षी लेकरासारखी शेकली, त्याला जाळणारा म्हणायचं. बाबा डहाणूच्या वाड्यांमध्ये चिकू उतरवायला जाऊ लागले.

मी साहेबाच्या ऑफिसात गेले. काय बोलायचं ते इंग्रजीत पाठ करून गेले होते. ओल, मोटरीचं कवच, मंद उष्णता, सगळं समजावून सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "छान बोलतेस. रिसेप्शनला मुलगी लागली की कळवतो." आणि मी उठल्यावर, "कोळशाने चूल पेटते, मोटर सुकत नाही. घरी सांग."

त्या दिवशी मी ठरवलं की ह्या माणसाला सोडायचं नाही. कसं ते माहीत नव्हतं. पण रोज सकाळी उठल्यावर पहिला तोच आठवायचा, आणि मला ते आवडायला लागलं होतं. अभ्याससुद्धा त्याच रागावर केला. पेपर लिहिताना वाटायचं, हे तुझ्या नाकावर टिच्चून.

पदवी हातात आली त्याच उन्हाळ्यात काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. काकांनी रिवाजाप्रमाणे शेठला आणि साहेबाला आमंत्रण दिलं, आणि दोघंही येतो म्हणाले.

आमच्याकडे लग्नात बायका पाहुण्यांना गाण्यात घेतात. मांडवात बसलेल्या मोठ्या माणसाकडे बघून त्याचं पोट, त्याची मिशी, त्याचा कंजूसपणा, काय वाटेल ते गातात. ज्याला गाण्यात घेतलं त्याने हसायचं आणि बायकांना पानसुपारीला काहीतरी द्यायचं, की गाणं दुसऱ्याकडे वळतं. रागवायचं नाही. रागावला तर बायका त्याच्यावरचं पुढचं कडवं घेतात, आणि तो जितका तापेल तितकं गाणं लांबतं. गाण्यात म्हटलेल्याचा जाब कुणी कुणाला विचारत नाही. आमच्यातल्या पोराटोरांना हे ठाऊक असतं. साहेबाला ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

हळदीच्या आदल्या दिवशी लसूण सोलताना मी काकीला कडवं म्हणून दाखवलं. काकीचे हात थांबले.

"तुझ्या काकाला काढून टाकतील गं."

"गाण्याबद्दल कुणी काढतं का?"

"तो आपल्यातला नाय."

"म्हणूनच तर."

काकीने मांडीवरची सालं झटकली. मग म्हणाली, "दुसऱ्या ओळीत 'शेगडी' नको, 'इस्तव' घाल. म्हाताऱ्यांना लगेच कळंल." आणि पुढची पाकळी उचलली.

लग्नाच्या दिवशी शेठ आणि साहेब प्लास्टिकच्या खुर्च्यांवर पुढे बसले होते. बाबा मांडवात आलेच नाहीत, मागे भाताच्या टोपांजवळ बसून राहिले. बायकांनी आधी शेठला घेतलं. शेठ सीमेपलीकडचा गुजराती, पण लहानपण इकडेच गेलेला, बोली सगळी कळायची. पोटावरचं कडवं ऐकून खो खो हसला आणि खिशात हात घातला. मग मी सुरुवात केली. काकी आणि बाकीच्या माझ्या मागून.

साहेब आला, साहेब आला, डोईवर पांढरा टोप,
बाळंतिणीचा इस्तव इझवून घेतो निवांत झोप.

मागे खडी फोडणाऱ्या बायका बसल्या होत्या. त्यांच्यात हसू फुटलं ते थांबेना. साहेबाला आधी टोप तेवढा कळला. शेठ हसता हसता थांबला आणि विस्तवाची काय भानगड ते काकांना विचारलं, "इस्तवनी शुं वात छे?" काका जमिनीकडे बघत राहिले.

साहेब म्हणाला, "काही नाही शेठ, त्या ड्रायव्हरची मुलगी आहे. सोडा." आवाज चढलेला होता. बस, एवढंच हवं होतं. आम्ही दुसरं घेतलं.

ओल्या अंगाची उठवली तिला, म्हणे चाल गं दगड भर,
पायातून निघता धूर तिच्या, म्हणे दुसऱ्याचं नाव धर.

त्या क्षणी त्याने हसून शंभराची नोट पुढे केली असती, तर सगळं तिथंच संपलं असतं. शेठ जेवून गेला असता आणि मी हात चोळत बसले असते. पण साहेब उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"हो, विझवायला लावला मी! मग काय झालं? ओल्या मोटरी घेऊन आठवडाभर बसायचं होतं का? वरून फोन कुणाला येत होते, मला ना?"

गाणं थांबलं. पिपाणीवाला सुद्धा थांबला. शेठ बसल्या जागेवरून, हळू आवाजात म्हणाला, "मला तर सांगितलं होतंस, ड्रायव्हरने आग लावून जाळली."

काका पुढे झाले आणि म्हणाले, "बसा साहेब, पानं वाढतायत." काकांच्या तोंडून इतकं गोड वाक्य मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात शेठने जीप पाठवली. बाबांनी स्वच्छ शर्ट घातला आणि गेले. धाकटीची मोटर काढून मोठीबाईला लावली आणि पहिल्या पावसाळ्यानंतर घमेली पुन्हा ठेवली. मोठीबाई भंगारात कापली गेली तोपर्यंत तिच्या सीटवर दुसरं कुणी बसलं नाही. साहेब काही महिन्यांत स्वतःच सोडून गेला. त्याच्या गाडीचा आवाज आला की खडीवरच्या बायका नुसती चाल गुणगुणायच्या, शब्दसुद्धा नाहीत.

तो गेला लांबच्या खाणीवर, पण आमच्या मुली तिथंपर्यंत दिलेल्या आहेत. लेक सासरी जाते तेव्हा गाणी बरोबर नेते. तिथल्या एका लग्नात, मला नंतर कळलं, हेच गाणं निघालं आणि त्याला मांडवातून उठून जावं लागलं. बाबा म्हणाले, "आता पुरे. माझं नाव साफ झालं." बाबांचं झालं असेल.

गेल्या महिन्यात तो मला तलासरी नाक्यावर भेटला. केस पांढरे झालेत. मी ओळख दाखवली नाही, त्यानेच दाखवली.

"मॅडम, ते गाणं अजून म्हणतात का हो?"

"म्हणतात."

"माझी मुलगी ह्याच भागात दिलीय. तिच्या सासरच्या वाडीवर परवा कामाच्या बायकांनी म्हटलं. तिला घरात लाज वाटली. तुम्ही सांगितलंत तर बायका ऐकतील."

मी त्याच्याकडे बघितलं. म्हणाले, "साहेब, बाजारात माझ्या बापाला जाळणारा म्हणायचे, तेव्हा मी पण कुणाची तरी मुलगीच होते."

पाड्याकडची जीप आली, मी बसले. त्याच्या मुलीने माझं काही वाकडं केलेलं नाही, हे मला कळतं. तरी परवा कैनाडला एका लग्नात, नाक्यावरचं माझ्याकडून ऐकलेल्या काकीने विचारलं, "तो टोपवाला आज गाळायचा का?" तेव्हा मी पुढे सरकून बसले आणि पहिली ओळ मीच उचलली.