पेन्सिलीतला शेरा

"बघून येतो, मग लिहितो."

पटावर किती मुलं आहेत असं कुणीही विचारलं की भाऊसाहेबांचं हे उत्तर ठरलेलं. कानावरची पेन्सिल काढायची, तिच्या टोकाकडे संशयाने बघायचं, कारण ते इतकं दाबून लिहायचे की टोक रोज तुटायचं. मग ती परत कानावर ठेवायची आणि स्कूटरची किल्ली उचलायची. मी संगणकासमोर तशीच बसलेली. मला फक्त एक आकडा हवा असायचा.

मी त्या हायस्कुलात वर्षभराच्या करारावर गेले होते. पुण्याजवळ, पिरंगुटच्या पुढची, सरकारी अनुदानावरची, पाचवी ते दहावीची शाळा. मुलांची माहिती सरकारी पोर्टलवर भरायची, एवढंच काम. नाव, जन्मतारीख, मातृभाषा, हजेरी, गुण. भाऊसाहेब तिथले कारकून. त्यांचं खरं नाव मी फक्त पगारपत्रकात पाहिलं.

पहिल्याच दिवशी त्यांनी आठवीचा पट सांगितला, "एकोणऐंशी." मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मी एकोणनव्वद लिहिलं. ते मागे उभे राहून बघत होते.

"सेव्हंटी नाईन, मॅडम," ते अगदी हळू म्हणाले. मग शिपाईमावशींना मोठ्याने, "मावशी, मॅडमसाठी उद्यापास्नं इंग्रजीत मोजायचं हां!"

मला त्या दिवशीच त्यांचा राग आला होता.

राग यायला पुढे कारणं बरीच मिळाली. त्यांच्या लाल कापडी बांधणीच्या रजिस्टरात नावं शाईने लिहिलेली, पण शेवटचा शेऱ्याचा रकाना सगळा पेन्सिलीत. 'नांदे साईटवर.' 'गावी, आजी आजारी. येणार.' 'आईबरोबर गेली. येणार बहुतेक.' पोर्टलवर मात्र दोनच पर्याय: शिकत आहे, शाळा सोडली.

"भाऊसाहेब, 'बहुतेक'ला इथे जागा नाहीये."

"मग करायला सांगा की जागा. यवढा मोठा संगणक हाय."

शाळेत शिकणारी मुलं कोण होती हेही सांगते. गावातली मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी शाळेत जायची. त्यांच्याच घरांच्या मागे बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांतली मुलं आमच्याकडे यायची: नांदेडची, विजापूरची, बिहारची, एक नेपाळचा. भाऊसाहेब मूळचे तिथलेच, जमीनवाले. "माझा नातूबी पिवळ्या गाडीतच जातो," ते एकदा म्हणाले. "सुनंपुढं माझं काय चालतंय? पोर्टलवर लिहू नका म्हंजे झालं."

आमच्या मुख्याध्यापकांना एकच ध्यास होता. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा, चौकात तसा फ्लेक्स लागावा आणि तो बघून गावातली मुलं परत यावीत. पट घसरला की शिक्षकांची पदं जातात, ही त्यांची भीती खोटी नव्हती. त्यामुळे दहावीत कच्ची मुलं शाळेच्या नावावर बसू नयेत, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसावीत, म्हणजे त्यांचा निकाल शाळेला चिकटत नाही, असा त्यांचा हिशेब होता. सगळीकडे असंच चालतं, असं ते म्हणायचे.

त्या वर्षी अडचण एकच होती. रिंकी. बिहारची, वडील सेंटरिंगच्या कामावर. दिवाळीनंतर ती शाळेत फिरकली नव्हती आणि सहामाहीला गणितात तिला जवळजवळ शून्य होतं.

"नाव कमी करा," सर म्हणाले. "पुढच्या वर्षी बसेल बाहेरून. बोर्डाच्या फॉर्मला चार दिवस राहिलेत."

भाऊसाहेबांनी पेन्सिल काढली, टोक बघितलं, परत ठेवली. "बघून येतो."

आणि माझ्याकडे वळून, "चला मॅडम. फॉर्म घ्या. आईची सही लागंल, बाईमाणूस बरोबर असलेलं बरं."

मला जायचं नव्हतं. अनोळखी लोकांच्या दारात उभं राहायची मला धास्ती वाटते. पण नाही म्हणायचीही धास्ती वाटते. मी फाईल छातीशी धरून मागे बसले. नांदे गावातल्या बांधकामाच्या साईटवर काम संपलेलं. वॉचमन म्हणाला, "वो लोग तो गया, बाबूजी. भरे के तरफ." म्हणजे आलो तेवढंच परत. तोंडात धूळ, फोनवर सरांचे तीन मिस्ड कॉल. भरे गावात दोन ठिकाणी चुकीची रिंकी निघाली. एक तर चार वर्षांची होती. ती लगेच यायला तयार झाली.

खरी रिंकी एका पत्र्याच्या खोलीपुढे तान्हं बाळ कडेवर घेऊन उभी होती. आम्हाला बघून ती दचकली नाही की लाजली नाही.

"लई उशीर केला तुमी, भाऊसाहेब," ती म्हणाली. "आईला बाळ झालंय. मला वाटलं, नाव काटलं."

"काटतंय कोण? सोमवारपास्नं यायचं. जमंल?"

"गणित न्हाई जमत."

"गणिताचं कुणी इचारलं? यायला जमंल का, ते सांग."

तिने फॉर्म आईला त्यांच्या भाषेत वाचून दाखवला. आईने सही केली. मी दोन प्रश्न विचारले, माझ्या मते व्यवस्थित मराठीत. रिंकीने नीट ऐकून घेतलं आणि भाऊसाहेबांना विचारलं, "मॅडम भायेरच्या हायेत व्हय?"

भाऊसाहेब इतके हसले की त्यांना पत्र्याचा खांब धरावा लागला. तिच्या नावापुढे मातृभाषा हिंदी असं मीच भरलं होतं.

ती आली. आठवड्यातून तीन दिवस, कधी चार. परीक्षा दिली आणि दुसऱ्याच दिवशी गावी गेली.

मे महिन्यात निकाल लागला. बाकी सगळे पास. रिंकी गणित आणि विज्ञानात नापास.

सरांनी फ्लेक्सचं डिझाईन आधीच करून घेतलं होतं. तो कागद त्यांनी चार घड्या घालून खणात टाकला. "एका मुलीपायी शाळेचं नाक गेलं, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी समोरचं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, "पडली, सर. पर हितनं पडली. कुणाच्या तरी पटावर पडली. न्हाईतर ती कुटं पडली, हे कुणाला कळलं असतं का?"

मला हे उत्तर पटलं नाही, हे कबूल करते. मला सरांचा पडलेला चेहरा दिसत होता. दहा दिवसांनी निवृत्त होणाऱ्या माणसाला असं बोलणं सोपं असतं, असंही वाटलं. महिनाअखेरीला शाल, श्रीफळ, चार भाषणं झाली आणि भाऊसाहेब निवृत्त झाले. रिंकीच्या नावापुढे शेरा राहिला: 'गावी गेली. येणार.' माझ्या संगणकावर तिची ओळ लाल, दोन्हींपैकी एकही पर्याय न भरलेली.

जूनमध्ये, पुरवणी परीक्षेच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी, मी ऑफिसात एकटी होते. बाहेर स्कूटर थांबली. रिंकी आत आली, बाहेर भाऊसाहेब पालकांच्या बाकावर बसले.

"आत या ना," मी म्हणाले.

"नको. ह्यो बाक लई दिवस लांबून बघितलाय. बसू द्या."

मी फॉर्म भरला. रिंकीने गणितापुढे स्वतःच खूण केली, जरा रागाने. ती बाहेर गेल्यावर ते दारात आले. "मॅडम, जरा ते रजिस्टर देता का?" त्यांचंच रजिस्टर, आणि मला विचारून.

त्यांनी तिचं पान काढलं, खिशातलं खोडरबर घेतलं आणि 'गावी गेली. येणार.' हे पूर्ण खोडलं. कचरा फुंकला. तो माझ्या कीबोर्डवर पडला. रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं.

"आता काय लिहू तिथे?" मी विचारलं.

"आली ना? तुमीच बघितलं की," ते म्हणाले आणि गेले.

त्यानंतर ते आले नाहीत. पुरवणीचा निकाल अजून लागायचा आहे. पोर्टल रोज तेच दोन पर्याय विचारतं आणि रजिस्टरातला तो शेऱ्याचा रकाना मी अजून भरलेला नाही. तसा तो रिकामाही नाही. भाऊसाहेबांना इतकं दाबून लिहायची सवय, त्यामुळे खिडकीच्या उजेडात पान तिरकं धरलं की 'येणार' अजून वाचता येतं.