पंचेचाळीस सालचा ठराव

बिरड्याचे वाल अर्धे सोलून झाले होते, तेवढ्यात धाकटे दीर धम्मपाल आले आणि परातीसमोर बसून वाल सोलू लागले. माणूस असाच. जुईनगरात आमच्याच इमारतीत राहतात. न्हावा शेवा बंदरातून द्रोणागिरीच्या गोदामांत कंटेनर पोचवणारा त्यांचा एकच ट्रेलर. तरी यार्डातल्या ट्रेलरमालकांच्या संघटनेचे सेक्रेटरी तेच, कारण शिव्या ऐकून घ्यायला दुसरं कोणी तयार नसतं.

मागच्या महिन्यात त्यांनी ठराव मांडला: दोन हजार पंचेचाळीस सालापर्यंत यार्डात एकही डिझेल गाडी राहणार नाही, सगळ्या विजेवरच्या. टाळ्यांच्या गजरात मंजूर. त्यांचा जुना दोस्त गणू आगरी तिथल्या तिथे म्हणाला, "दादा, पंचेचालीस सालाला आपन भिंतीवर, हार घालून! आपलं काय जातंय?"

आणि त्याच आठवड्यात दिरांनी स्वतःसाठी नवी डिझेल गाडी बुक केली. जुनी सारखी रस्त्यात बंद पडत होती.

"वहिनी, आज चार्जिंगवाले आलेले. म्हणाले, सेक्रेटरीच डिझेल घेतो, मग आमी कोणाच्या भरवशावर चार्जर लावायचे? उठून गेले. चार्जर नाही म्हणून मी घेत नाही, मी घेत नाही म्हणून चार्जर नाही. पोरीचं, तेजश्रीचं कॉलेज या एका गाडीवर चाललंय हो. विजेवरची घेतली आणि चार्जिंगअभावी उभी राहिली तर?"

मी आपलं विचारलं, "भावोजी, उद्या पौर्णिमा. विहारात अष्टशील घ्यायला येताय ना?"

"येतो. ते आठ नियम एका दिवसाचे असतात म्हणून पाळले तरी जातात. पंचेचाळीस सालापासून दारू सोडीन म्हटलं असतं, तर भंतेजींनी हाकललं असतं मला." हसता हसता ते थांबले. मग गणूला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"गणू, सालाचं राहू दे. जुन्या गाड्या मरेपर्यंत चालू देत. पण आजपासून जो नवी घेईल, तो विजेवरचीच. डिझेल आणली तर माल भरायच्या लायनीत शेवटचा नंबर."

"आन पयला बकरा कोन?"

"मीच."

"मंग नव्या ठरावावर सही करतो. चार्जरवाल्यांना मी आनतो परत. पन दादा, टेन्शन हाय."

"मला काय कमी आहे?"

दिरांनी बुद्धमूर्तीपुढे हात जोडले, मीही जोडले. आता ते कळंबोलीला डिझेल गाडीचं बुकिंग रद्द करायला गेलेत.